निळ्या टाकीवरचा अंगठा

प्रिय ओजस आणि रेवा,

काल फोनवर तुम्ही सांगितलंत की मी पाठवलेली छोटी मोटारसायकल पोचली, छान आहे, फक्त टाकीवर ‘आजीचा अंगठा’ उमटलाय. आणि ओजस शनिवारी तो घासून टाकी पुन्हा स्प्रे करणार आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत सँडपेपरला हात लावू नका. तो अंगठा माझा नाही.

हे लिहिताना मला माझीच चीड येते आहे. माझे सासरे बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले तेव्हापासून या घरात भूत, भानामती, अंगात येणं यांना जागा नाही. मी तर नोकरीभर इंग्रजी शिकवलं. वर्गात एखाद्या मुलीने चिंचेवरच्या बाईची गोष्ट काढली की मी तिला स्पेलिंग लिहायला बसवायची. असले अनुभव सांगणाऱ्या बायकांमध्ये मी कधी बसले नाही… आणि आज मीच सांगायला बसले आहे.

तुमच्या आबाजींची एक सवय होती. ओल्या रंगाला हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. फाटक रंगवलं – अंगठा. पलंग रंगवला – अंगठा. बुद्धपौर्णिमेच्या आधी विहाराचा कठडा वस्तीतल्या लोकांनी राबून रंगवला, तर त्यावरही अंगठा. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ओला रंग’ लिहून टांगायची. तरी तेच.

“वाचता येत नाही का हो तुम्हाला?”

“वाचलं ना. पण लिहिलेलं खरं आहे का, ते तपासायला नको?”

बरं, ठसा त्यांचा हे लपायचंही नाही. लहानपणी धान कापताना विळा लागला होता, त्याची तिरपी चीर अंगठ्यावर कायमची राहिली. प्रत्येक ठशात मधून गेलेली ती रेघ दिसायचीच.

तुम्ही पाठवलेला त्या छोट्या मोटारसायकलचा किट त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला आणि आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून जेवू लागलो. बारीक बारीक भाग प्लॅस्टिकच्या चौकटीतून माझ्या नेलकटरने कापायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे… सायलेन्सरचा एक तुकडा तर पोह्यांत निघाला. डब्यावरच्या चित्रात टाकी लाल होती. यांना निळी हवी होती. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्यावर त्यांची बदली तिकडे झाली, तेव्हा शनिवारी ते ज्या मोटारसायकलने भंडाऱ्याला घरी यायचे, ती मुळात काळी होती. लाखनीच्या एका पेंटरकडून त्यांनी ती हौसेने निळी करून घेतली होती. अगदी तोच निळा कुठल्याही बाटलीत मिळेना, म्हणून हे झाकणात थेंब थेंब मिसळत बसायचे आणि जुन्या फोटोशी ताडून पाहायचे. शेवटी रंग जमला. तो एका बाटलीत भरून ठेवला आणि टाकी रंगवायच्या आधीच ते गेले.

अर्धवट काम मला घरात चालत नाही. शेजारची सून तुमच्याच शहरात परतणार होती, तिच्या सामानात मोटारसायकल पाठवायचं ठरलं. मी चष्मा लावून बसले. टाकी म्हणजे माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. ती अगरबत्तीच्या काडीवर बसवली, काडी तांदळाने भरलेल्या पेल्यात रोवली, आधी प्रायमर, मग तो निळा. मळणीचे दिवस होते, हवेत सगळीकडे कोंडा. म्हणून वर लोणच्याची रिकामी काचेची बरणी पालथी घातली.

सकाळी बरणी उचलली. टाकीच्या डाव्या बाजूला अंगठा.

तुमची कमलआजी, म्हणजे आबाजींची धाकटी बहीण, माझ्याकडेच राहते. तिला हाक मारली.

“कमल, तू हात लावलास?”

“मी कायले लावू? मले का काम तुमच्या फटफटीशी?”

“मग हे काय आहे?”

तिने पेला खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिलं. “वहिनी, हा दादाचा हाये. चीर दिसून राहिली नं.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“मी कुठी बोलून राहिली? तो अंगठाच बोलून राहिला.”

मी माझं जुनं स्टॅम्प पॅड काढलं आणि तिला अंगठा लावायला सांगितलं. ती भडकली. “अंगठा लावाले मी का अडाणी हाये? सई येते मले.” तरी लावला आणि मग मलाही लावायला लावला. दोघींच्या ठशांत चीर नव्हती.

मी टाकी पाण्यात बारीक सँडपेपरने घासली, वाळवली, पुन्हा रंगवली. या वेळी बरणीसकट लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली उशाखाली घेतली. सकाळी कपाट उघडलं. त्याच जागी अंगठा.

खरं सांगते, भीती मला वाटलीच नाही. नुसता संताप आला. हातात ब्रश घेऊन फाटकाशी उभी असताना यायचा, तोच. शेजारची सून दोन दिवसांनी निघणार होती आणि बाटलीत एकाच हाताचा रंग उरला होता. तो संपला की तसा निळा मिसळणारं घरात कोणी नव्हतं. मी पुन्हा घासलं, उरलेला रंग लावला आणि कपाट बंद करून त्यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले.

“अहो, रंग ओला आहे. मी सांगते आहे म्हणून एकदा तरी माना. आता पुन्हा रंगवायला रंग नाही.”

स्वयंपाकघरातून कमल म्हणाली, “आता पाटीबी लावून द्या, वहिनी.”

रागाच्या भरात मी खरंच लावली. पुठ्ठ्यावर ‘ओला रंग’ लिहून कपाटाच्या आत, बरणीला टेकवून ठेवली.

सकाळी अंगठा होता. या खेपेला जरा जास्तच दाबून.

कमलने वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. “पाटी वाचली त्यानं.” मग हसता हसताच तिचे डोळे भरले आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

बाटली कोरडी झाली होती. मी त्या ठशावरच पारदर्शक लॅकर मारला, टाकी गाडीवर बसवली आणि डबा बांधून दिला. लॅकरला कोणी हात लावला नाही. तो दिसत नाही म्हणून असेल.

नंतर मी रंगाच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, हवेत ओल असली की रंग सुरकुततो. सुरकुतत असेल. पण सुरकुती तिन्ही वेळा एकाच जागी, आणि तिच्यातून तिरपी रेघ? झोपेत मीच उठले असेन, हेही धरून पाहिलं. पण माझ्या अंगठ्याला चीर नाही. मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही, आणि उत्तर नसलेली गोष्ट मला मुळीच आवडत नाही. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण आजीचं डोकं ठिकाणावर नाही असं तुमच्या बाबाला वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. रस्ता रुंद झाला तेव्हा जुनं फाटक गेलं. पलंगाला वाळवी लागली. विहाराचा कठडा आता स्टीलचा आहे. खरी मोटारसायकल तर कधीच भंगारात गेली. त्यांच्या अंगठ्याचा ठसा आता फक्त तुमच्याकडच्या त्या टाकीवर आहे.