संत्र्याच्या पेट्यांतली कादंबरी

"ताई, बाबांच्या आडतीत माझी कादंबरी आलीय."

प्रणालीचा फोन होता. आवाज इतका बारीक की मला आधी नेटवर्कचा दोष वाटला.

"कुठून येईल? अजून पूर्ण छापूनही झालेली नाही," मी म्हटलं.

"फोटो पाठवते. बघा."

फोटोत संत्र्यांची लाकडी पेटी होती. आतून चारही बाजूंनी कागद लावलेला, आणि त्या कागदावर आमच्या पुस्तकांच्या टाइपातला मजकूर. मी फोटो मोठा केला. दोन संत्र्यांच्या मधून एक ओळ वाचता येत होती : 'जादूगार रुमालाखाली हात घालून वाऱ्याशी भाव करत होता.'

कादंबरी आमचीच होती.

मी नागपुरातल्या एका लहान प्रकाशन संस्थेत संपादक आहे. लहान संस्थेत संपादक म्हणजे मजकूर तपासणं, प्रेसच्या मागे लागणं आणि वेळ आली तर पार्सलं बांधणं. प्रणाली धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. 'कडू विहिरीची परी' ही तिची पहिली कादंबरी, मोठ्यांसाठी लिहिलेली परीकथा. संत्र्याच्या बागेत एक परी राहते. तिचा बाप जादूगार. त्याने तिची सावली एका झाडाला बांधून ठेवलेली असते. तळ्यापलीकडचा एक नावाडी तिला आवडतो. पण बागेचा नियम असा की तळ्यापलीकडचं कोणी विहिरीचं पाणी प्यालं तर विहीर कडू होते. तळ्यापलीकडचे म्हणजे कोण, हे काटोलमध्ये कोणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

काटोल अशासाठी की प्रणालीचं घर तिथलं. वडील संत्र्याचे बागायतदार आणि आडते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून देणारे. तिचा नावाडी इथे नागपुरात, सक्करदऱ्यात राहतो. त्याचं नाव सुमेध, त्याच हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. सुमेधच्या आजोबांनी छप्पन्न साली इथेच दीक्षा घेतलेली. प्रणालीच्या घरात आजवर सगळी लग्नं जातीत झालेली. घरी सुमेधबद्दल माहीत नव्हतं, कादंबरीबद्दलही नव्हतं. पुस्तकावर तिचं टोपणनाव येणार होतं. प्रकाशन समारंभाच्या आधी घरी जाऊन दोन्ही गोष्टी सांगायच्या, असं तिने ठरवलं होतं.

"फोटो कोणी पाठवला?" मी विचारलं.

"भावाने. त्याला काही माहीत नाही. वर लिहिलंय, 'ताई, हे वाच, कोणीतरी आपल्या बाबांवरच लिहिलं वाटते, सारी आडत हसून राहिली.'"

"वडिलांना कशावरून ओळखलं?"

"रुमालावरून, ताई. आता सगळे उघड लिलाव करतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे बाबाच राहिलेत."

हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मी तो रुमाल परीकथेतली गंमत म्हणून पास केला होता.

मी प्रेसला फोन लावला. प्रेसवाले दिवाकरभाऊ कधी घाबरत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांना जास्त घाबरावं लागतं.

"दिवाकरभाऊ, परीच्या कादंबरीचं वेस्टेज कुठे आहे?"

"गेलं ना मॅडम रद्दीत. काहून?"

"अख्खं?"

"रद्दीवाला म्हणे, अख्खा कागद द्या, संत्र्यावाले मागून राहिले. सीझन आहे. म्या म्हटलं ने बाप्पा, जागा तरी मोकळी होईन."

पुस्तक पानापानाने छापत नाहीत. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापतात. त्या कागदाला फर्मा म्हणतात. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं क्रमाने येतात. घडी घालण्याआधी मात्र तेहेतिसाव्या पानाच्या शेजारी अठ्ठेचाळिसावं असतं आणि निम्मी पानं उलटी. मशीन सुरू झालं की शाई बसेपर्यंतचे कागद वाया जातात. ते वेस्टेज. रद्दीत देण्याआधी कटिंग मशीनवर त्याचे तुकडे करायचे, ही आमची रीत. ती या वेळी मोडली होती. त्यात मधल्या काही फर्म्यांना शाई धड बसली नव्हती, म्हणून वेस्टेज नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं होतं. आणि छापलेला मॅपलिथो कागद वर्तमानपत्रापेक्षा मोठा, जाड. पेटीला लावायला उत्तम.

"कोणते फर्मे गेले?"

"तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत असतीन."

पाचव्या फर्म्यात परी आणि नावाडी माळ्यावर भेटतात. ते प्रकरण मोठ्यांसाठीच होतं.

प्रणालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, बाबा मला मारणार नाहीत. पण बोलणं बंद करतील. आत्याने मनाने लग्न केलं म्हणून तिच्याशी केलंय. ती मरेपर्यंत बोलले नाहीत."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे प्रकाशक.

"कायदेशीर लफडं आहे का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही. घरगुती आहे."

"मग आपलं काय जातं? टोपणनाव आहे. कोणी विचारलं तर आपल्याला माहीत नाही म्हणायचं."

"पुस्तकावर लेखक आहे आणि प्रकाशकाला माहीत नाही?"

"तुम्ही बघा मॅडम. फक्त ऑफिसात तमाशा नको."

मी प्रणालीला म्हटलं, आजच काटोलला जा, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तू सांग. तिला पेशंट होते. उद्या जाते म्हणाली. ती टाळत होती हे मला कळत होतं. मला ते वडील फक्त रुमालावरून माहीत होते. तरी रात्रभर ते मनात माझ्याशी भांडत राहिले.

सकाळी ऑफिस उघडलं आणि पायऱ्यांवर एक गृहस्थ बसलेले दिसले. पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल, मांडीवर कागदांची गुंडाळी. गुंडाळीला संत्र्याचा वास येत होता.

"परीचं पुस्तक इथंच छापता काय?"

"प्रेस वेगळी आहे. प्रकाशक आम्ही. या, बसा. तुम्हाला पत्ता कसा मिळाला?"

"माल कुठून आला हे पाहणं माझं कामच आहे मॅडम. पेटीवाल्याले विचारलं, त्यानं रद्दीवाला सांगतला. रद्दीवाल्यानं प्रेस. प्रेसवाला लय बोलका आहे."

दिवाकरभाऊंना मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. पाहुण्यांसाठी चहा मागवला. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि कागद माझ्या टेबलावर पसरले. चुरगळलेले, हाताने सरळ केलेले. कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं होती.

"तुमचं पुस्तक वाचाले माणसाले टेबलाभोवती फिरा लागते," ते म्हणाले. "एक पान सुलटं, एक उलटं. त्यात आमचे हमाल मोठ्यानं वाचत. एकानं ते माळ्यावरचं वाचलं. म्या कागद हिसकून घेतला."

"ती गोष्ट आहे. खरं नसतं त्यात."

"कोणं लिहिली?"

"लेखकाचं नाव सांगता येत नाही. तसा आमचा करार असतो."

"मग तुम्ही काहून घाबरून राहिल्या?"

मी चहा पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"मॅडम, मी माल पाहून बाग सांगतो. ही बाग माझी आहे. तो बांध माझा आहे. रुमाल तर साऱ्या काटोलनं ओळखला. काल एका व्यापाऱ्यानं तोंडावर विचारलं, काहो, हे तुमच्या पोरीनं तर नाही लिहिलं? म्या म्हटलं, नाही. पोरीसाठी पहिल्यांदा खोटं बोललो. बाग खरी आहे तर तो नावाडीबी कुठंतरी असनच."

केबिनच्या काचेतून सर डोकावले आणि पुन्हा दिसेनासे झाले.

"तुम्हाला छपाई थांबवायची आहे का?" मी सरळच विचारलं.

"ते मागून सांगतो. आधी हे सांगा, शेवटी त्या जादूगाराचं काय होते? ते कागद माझ्यापाशी नाही."

शेवटचा फर्मा अजून मशीनवर चढायचा होता. शेवट काय आहे हे सरांना, प्रणालीला आणि मला माहीत होतं. गोड काहीतरी सांगून त्यांना घरी पाठवता आलं असतं. पण पुस्तक निघाल्यावर तेच पुन्हा पायऱ्यांवर येऊन बसले असते.

"तो कागद अजून छापायचा आहे. त्यात त्याची विहीर होते," मी म्हटलं. "कडू. परी नावाड्याबरोबर निघून जाते. विहिरीवर कोणी येत नाही."

"पोरगीबी नाही?"

"नाही."

त्यांनी कागदांची गुंडाळी करायला घेतली. कागद जुळेनात. दोनदा सुटले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या."

मग म्हणाले, "तिनं मले विचारलंच नाही. विचारायच्या आधीच विहीर केली माझी."

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाहीच म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण तिनं विचारायले तर पाहिजे होतं ना." दारापाशी थांबून मागे वळले. "तो शेवटचा कागद रविवारपर्यंत छापू नका. अन् जिचं नाव सांगता येत नाही तिले सांगा, रविवारी घरी ये म्हणा. त्यालेबी घेऊन ये."

मी निरोप दिला. प्रणाली म्हणाली, "ताई, हे चांगलं आहे की वाईट?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण जा. दिवाकरभाऊंना फोन करून मशीनवर दुसरं काम घ्यायला सांगितलं. सरांनी तारखांवरून कटकट केली. मी ऐकून घेतली. रविवारी माझं कशातच लक्ष नव्हतं. भाजी करपली.

सोमवारी प्रणाली ड्यूटीच्या आधी ऑफिसात आली.

"आईने जेवायला वाढलं. सुमेधलाही. सगळे एका पंगतीत बसलो. बाबा त्याच्याशी पावसाबद्दल बोलले, हॉस्पिटलबद्दल बोलले. हात धुतल्यावर त्याला म्हणाले, 'तुमच्याशी माझं वैर नाही. पण या लग्नात मी उभा राहू शकत नाही. खोटं काहून बोलू?'"

"आणि तुला?"

"मला म्हणाले, 'पुस्तक थांबवू नको. आडतीत मी सांगून टाकलं, माझ्याच पोरीनं लिहिलं म्हणून.'"

ती रडली नाही. मीही तिला पाणी वगैरे दिलं नाही. शेवटच्या फर्म्याचं प्रूफ समोर ठेवलं.

"शेवट बदलू का, ताई? परी विहिरीवर येते, पाणी गोड होतं, असं?"

"ते तयार झालेत का लग्नाला?"

"नाही."

"मग त्यांना खूश करायला बदलू नको. आणि त्यांना शिक्षा म्हणून ठेवूही नको."

तिने प्रूफ हॉस्पिटलमध्ये नेलं आणि दुपारी परत आणून दिलं. दोनच ओळी वाढवल्या होत्या. परी परत येते, विहिरीच्या काठावर बसते. पाणी पीत नाही, उठूनही जात नाही. पुस्तक तिथेच संपतं. तसंच छापलं. मुखपृष्ठावर टोपणनावाऐवजी तिचं नाव टाकलं. कव्हर पुन्हा करावं लागलं म्हणून सर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. आई आणि भाऊ आले. वडील आले नाहीत. ते प्रणालीच्या फोनला उत्तर देतात, पण लग्नाचा विषय काढत नाहीत. आत्याच्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं, असं प्रणाली म्हणते.

काही दिवसांनी त्यांचा ऑफिसच्या नंबरवर फोन आला. पहिले दोन फर्मे आणि सातव्यानंतरचे सगळे त्यांच्याकडे नव्हते.

"पुस्तकच पाठवते," मी म्हटलं.

"पुस्तक नको. घरात दिसते. सुटे कागद पाठवा, आडतीत ठेवतो."

मी प्रेसमधून राहिलेले फर्मे काढून घेतले आणि घडी न घालता काटोलच्या बसने पाठवले.

हस्तलिखित जपायचं हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. रद्दी जपायची हे मी उशिरा शिकले. आता वेस्टेजचे तुकडे होताना मी स्वतः उभी राहते. शिवाय नवा लेखक आला की करारावर सही घेण्याआधी विचारते, घरी कोणाला काही सांगायचं राहिलंय का? राहिलंय म्हणाला, तर त्याला आधी घरी पाठवते आणि छपाईची तारीख तो परत आल्यावर देते. सरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. दिवाकरभाऊंना मात्र पटलंय, कारण पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला आमचा पत्ता त्यांनीच दिला होता.