बाबांचं दार

दार वाजायच्या आधीच बाहेर कोण आलंय ते माझ्या बाबांना कळायचं. दूधवाला, शेजारच्या काकू, सिलिंडर घेऊन येणारा माणूस, सगळे त्यांना फाटकापासूनच ओळखू यायचे. "ह्यांचे कान बाई भलतेच तिखट," आई म्हणायची. बाबा हसायचे, मीही हसायचे. तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आम्ही राहुरीत राहतो, गावाच्या टोकाला. मागच्या खिडकीतून ऊस दिसतो. बाबा एका कार्यालयात लेखनिक होते, मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मी कॉलेजात असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला आणि कुणीतरी त्यावर तो बंदुकींचा खेळ टाकून दिला. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला. एकांनी बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्यांनी तो ठेवू द्यायचा नाही. धावपळ कमी आणि दबा धरून बसणंच जास्त. मला वाटलं, हे बघून बाबा कपाळाला हात लावतील. उलट त्यांनी मलाच खुर्चीवरून उठवलं आणि जे बसले ते बसलेच. निवृत्तीनंतर तर विचारूच नका.

खेळात वाळूच्या रंगाचं एक गाव होतं आणि त्या गावात बाबांचं एक दार होतं. पुढे जाऊन मर्दुमकी गाजवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आयुष्यभर एका टेबलामागे बसलेला माणूस, तिथेही एका कोपऱ्यात बसायचा. बंदूक दारावर रोखायची आणि कान लावायचे. वाळूवरचं पाऊल वेगळं, पत्र्यावरचं वेगळं, फळीवरचं वेगळं. दारातली फळी वाजली की चाप ओढायचा. कर्जतकडचा एक मुलगा त्यांच्या संघात नेहमी असायचा. आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही, नुसता आवाज ओळखीचा. "काका, दार तुमचं. आमी चाल्लो म्होरं," असं म्हणून तो निर्धास्त निघून जायचा.

मग हळूहळू घरात काहीतरी बदलत गेलं. मला तारीख सांगता येणार नाही. संध्याकाळी मी घरी यायचे तर बाबांच्या खोलीत अंधार, आणि त्या अंधारात बाबा शांतपणे बसलेले. "दिवा का नाही लावला?" म्हटलं की म्हणायचे, "लावतो की." आणि लावायचे नाहीत. एकदा आईने साफसफाईत त्यांची खुर्ची आणि कपाट यांची अदलाबदल केली, तर हा गरीब माणूस असा कडाडला की आई रडायलाच लागली. सगळं होतं तसं जागच्या जागी ठेवायला लावलं. रात्री आईने गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळून त्यांची दृष्ट काढली. मी चिडले. आईवर आणि बाबांवरही. या घरात शहाणी तेवढी मीच, असा माझा तेव्हा ठाम समज होता.

एका दुपारी मी लवकर घरी आले. आई देवळात गेली होती. बाबांच्या खोलीतून उंदराची टिकटिक येत होती. कॉम्प्युटरचा उंदीर, खरा नव्हे. मी डोकावले. बाबा खेळत होते. कानांवर हेडफोन, मान थोडी कललेली, डावा हात कळफलकावर, आणि समोरचा मॉनिटर बंद. काळा ठिक्कर. त्या काळ्या काचेत बाबांचा चेहरा होता आणि त्यांच्या खांद्यामागे दारात उभी असलेली मी. त्यांचं बोट हललं, ते हळूच "गेला" म्हणाले आणि हसले.

मी हाक मारायच्या आधीच, न वळता, न दचकता ते म्हणाले, "आज लवकर आलीस." मॉनिटर का बंद, असं विचारलं तर म्हणाले, "तापतो फार. जरा विश्रांती देतो त्याला." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी पुढे विचारलंच नाही, कारण मला उत्तर नको होतं.

त्यानंतर बातमी आली की खेळ मुळापासून नवा होणार. इतकी वर्षं चाललेला खेळ, पण त्याचा गाभाच बदलणार होता. नवा प्रकाश, नवा धूर, चकाकणारं पाणी. कर्जतचा मुलगा आनंदाने नुसता नाचत होता. मी बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"आवाज पण बदलणार?"

"सगळंच बदलणार बाबा. आवाजही नव्याने भरलेत म्हणे."

त्यांनी हेडफोनच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "होतं ते काय वाईट होतं?" म्हातारे झालात म्हणून मी त्यांना थोडं चिडवलं. त्यांनी चिडवून घेतलं.

आमच्या इंटरनेटच्या कृपेने नवा खेळ उतरायला दिवस गेला. पहिला सामना बघायला मी मुद्दाम शेजारी स्टूल घेऊन बसले, म्हणून मॉनिटर चालू होता. तेच गाव, पण ऊन असं लख्ख की भिंतीचा खडबडीतपणा दिसावा. बाबा सवयीने निघाले, एका भिंतीला घासले, थांबले, पुन्हा निघाले. कसेबसे त्यांच्या कोपऱ्यात पोचले. "काका, दार हाय ना?" मुलाने विचारलं. "आहे," बाबा म्हणाले.

आणि दारातून शत्रू आला. धावत नव्हता, चालत होता. पडद्याच्या डाव्या बाजूला, भर उन्हात, बाबांच्या समोर येऊन उभा राहिला. बाबांनी गोळी झाडली नाही. त्यालाही ते विचित्र वाटलं असावं, कारण तोही झाडेना. मान वाकडी करून बाबांकडे बघत राहिला. बाबा पडद्याच्या मधोमध नजर लावून, कान टवकारून, त्याचीच वाट बघत बसले होते. चेहऱ्यावर ते ऐकतानाचं हसू तसंच होतं. मी पडदा सोडून बाबांच्या डोळ्यांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने तो शांतपणे त्यांच्या जवळून निघून गेला.

"काका! अवो, तुमच्या म्होरून गेला की त्यो! दिसला न्हाई व्हय?"

बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ठेवायच्या आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

काचबिंदू होता. पेन्शनच्या कामाला म्हणून ते नगरला जात, ते डॉक्टरकडे जात होते. कडेकडेचं सगळं गेलं होतं, मध्ये कवडीएवढं उरलं होतं आणि तेही राहील याची खात्री नव्हती. "आईला सांगू नकोस म्हणत होतो स्वतःलाच," ते म्हणाले. "मग तुलाही सांगायचं राहून गेलं."

"आणि मॉनिटर बंद करून काय करत होतात?"

"सराव," बाबा म्हणाले. "तिथं धडपडून मेलं तरी पुढच्या डावात उठता येतं. इथं पायऱ्या आहेत गं."

मी त्यांच्यासमोर रडले नाही, मोरीत जाऊन रडले. त्यांना ते ऐकू आलंच असणार.

त्यांचा सराव पुसून गेला होता. वर्षानुवर्षं जमवलेली पावलं, फळी, पत्रा, सगळं. नव्या गावात प्रत्येक आवाज घुमून यायचा आणि कुठून आला ते त्यांना उमगायचं नाही. ते पुन्हा पुन्हा बसायचे आणि पुन्हा पुन्हा हेडफोन काढून ठेवायचे. एकदा म्हणाले, "तिथं आता माझ्या ओळखीचं कोणी चालत नाही."

आणि मला एक सवय लागली. कामावरून आले की मी चपला बाहेर काढायचे, आवाज न करता त्यांच्या दारापर्यंत यायचे आणि तिथेच उभी राहायचे. किती दिसतंय, ग्लास कसा घेतात, कुठे अडखळतात ते बघायचे. एकदा त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. नजर माझ्यावर नव्हती, बाजूच्या भिंतीवर होती.

"कोण आहे?"

माझ्या बाबांनी आयुष्यात हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. मी गप्प राहिले. का राहिले, देव जाणे.

"तूच आहेस," ते म्हणाले. "पावलं दारापर्यंत येतात आणि पुढं काहीच येत नाही. रोज. मला भीती वाटते गं. त्या दिवशी खेळात तोही असाच उभा होता ना समोर?"

आता मी फाटकापासून चपला आपटत येते, दाराची कडी वाजवते. पण बाबांचा आता स्वतःच्या कानांवर विश्वास उरलेला नाही. अंधारल्या खोलीत ते एकटे बसलेले असतात आणि मधूनच उघड्या दाराकडे तोंड करून म्हणतात, "ये, आत ये." दारात कोणी असो वा नसो.

मी घरात जिथे असेन तिथून उठून त्यांच्याकडे जाते.