नकाशावरचा गुंता

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना केसभर चूकही डोळ्यात खुपायची. पण बायको गेल्यापासून या गृहस्थांना काही खुपत नव्हतं की बोचत नव्हतं. चहा थंडगार झाला तरी तसाच घशाखाली जायचा. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिने धावायचं घड्याळ पाठवलं आणि वर तंबी दिली, "नुसते घरात बसू नका." ते धावू लागले. तिने सांगितलं म्हणून.

ते कुठून धावले त्याची रेघ घड्याळ नकाशावर काढायचं, आणि ती मुलीला तिच्या फोनवर दिसायची. एकदा सकाळीच तिचा फोन आला.

"बाबा, तुम्ही नदीतून पळता का?"

"पुलावरून जातो गं."

"इथे तर पार पाण्यात दिसताय. आणि बँकेच्या भिंतीतून आरपार गेलाय!"

ती हसली. हसायला हवं म्हणून तेही हसले.

मग तिने नीट समजावलं. बॅटरी वाचवायची सोय बंद ठेवा, पट्टा सैल नको, निघण्याआधी घड्याळ फोनला जोडून घ्या. आणि मुख्य म्हणजे, जिना उतरल्या उतरल्या सुटू नका. उंच इमारतींपासून लांब, मोकळ्यावर उभे राहा. घड्याळावर उपग्रह सापडल्याची खूण आली की मगच पळा.

ते मैदानात मनगट पुढे धरून उभे राहत. मनात काहीच येत नसे. खूण आली की निघत. रेघ सुतासारखी सरळ झाली. फक्त एका जागी दोरा अडकावा तसा गुंता उरला.

"हे हॉस्पिटलचं मागचं दार ना? तिथे थांबता?"

"छे. घड्याळ चुकत असेल."

"बाकी सगळीकडे बरोबर, आणि तिथेच चुकतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःवरच नजर ठेवली. दार आलं आणि पाय आपसूक थांबले. पहारेकरी उठून जवळ आला.

"काका, रोज येता, इथल्या इथे घुटमळता आणि जाता. आत कुणी आहे का?"

"होती. बायको."

पहारेकऱ्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. ते बसले. रडू येईलसं वाटलं, पण आलं नाही. आपले पाय ठणकताहेत, एवढं मात्र बसल्यावर कळलं.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "घड्याळ बरोबर आहे गं. मीच थांबतो."



"थांबा की मग," ती म्हणाली. "मी रजा टाकून येते. दोघं मिळून थांबू."