डालग्याखालचं ऊन

वाशीमबाहेरच्या एका माळ्याच्या मळ्यात मी आठ दिवस कोंबड्या रंगवत होतो, आणि आठही दिवस तो माळी माझ्यामागे उभा राहून तंबाखू मळत मान हलवत होता. मुंबईच्या कलाशाळेत गोऱ्या मास्तरांनी शिकवलं होतं, रेषा नको, ऊन रंगवा. मी ठिपक्याठिपक्यांनी ऊन रंगवत होतो.

“मास्तर, कोंबडीले डोये काहून नाही देले?”

“इतक्या लांबून दिसत नाहीत.”

“मंग पुढं सरका ना!”

निळी सावली पाहून तर तो हळहळलाच. “सावली कायीच रायते, मास्तर. ह्या काही कोंबड्या नाई.” एकदा मी नुसतं कुरकुरलो, की कोंबड्या फार हलतात. दुसऱ्या दिवशी जातो तर त्यानं सगळ्यांचे पाय सुतळीनं बांधून ठेवलेले! “आता काढा आरामात.” माझं डोकंच फिरलं.

शेवटी चित्र झालं. रंग ओला होता, म्हणून ते त्याच्या झोपडीत आडवं ठेवून मी घरी गेलो. सकाळी पाहतो तर चित्रावर डालगं पालथं घातलेलं आणि वर धोंडा. रोज संध्याकाळी तो कोंबड्या झाकायचा, अगदी तसंच. मी डालगं उचललं. माझं सगळं ऊन त्याच्या काठाला चिकटलं होतं.

“अरे बाबा, ह्या कोंबड्या नाहीत असं तूच म्हणत होतास ना!” मी ओरडलो.

“मी तं आताबी म्हनतो,” तो शांतपणे म्हणाला. “पन मुंगसाले कोन सांगन?”