पखवाजाची कणीक

सुनेनं चपातीची कणीक मळायला घेतली, की तो ओला वास अजून माझ्या बोटांत शिरतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी अशीच कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. आमच्या घरात त्या काळी रोज जोंधळ्याची भाकरी. गव्हाचं पीठ भिजायचं ते माझ्या पखवाजासाठीच. एकदा साताऱ्याला भजनाच्या स्पर्धेला जायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी मंडळाच्या गाणाऱ्या बुवांनी पारावर सगळ्यांदेखत सांगितलं, "गड्या, तुझा हात लय जड हाय, गाणं दबतंय. तू ऱ्हाऊ दे." वीस वर्षं मी त्यांना साथ केली होती. मी पारावरून उठलो. घरी आलो, पखवाज खुंटीला टांगला आणि कारभारणीला म्हणालो, "उद्या इकून टाकतो." तिनं परात पुढं सरकवली. त्यात नेहमीएवढा गोळा मळून तयार होता. "बुवा काय बोलले ते कळलं न्हाई व्हय तुला?" "कळलं की. गावभर झालंय." "मग मळलीस कशाला?" "आवं, बुवांसाठी कवा मळली व्हती मी? वाळायच्या आत लावा." रागारागानं मी गोळा थापला आणि मुद्दाम जड हातानं वाजवायला बसलो. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. दबायला तिथं गाणंच नव्हतं. वाजवता वाजवता छाती हलकी होत गेली. बुवा परत बोलवायला आले नाहीत, मीही गेलो नाही. आता घरात रोज चपाती असते, तरी म्हातारी सुनेला बजावते, "आधी त्यांचा गोळा काढ." हात माझा अजून जडच हाय.