सिंधूवहिनींचा स्वेटर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

एकाहत्तरची लढाई सुरू होती. अमेरिकेनं पाकिस्तानची बाजू घेतली, म्हणून सक्करदऱ्यातल्या आमच्या महिला मंडळानं ठरवलं — अमेरिकी वस्तू वापरायच्या नाहीत. घरात असतील त्या चौकात आणून जाळायच्या. भाषण मीच केलं. राग खरा होता, तो खोटा होता असं आजही म्हणणार नाही. पण भाषण संपल्यावर बायकांनी विचारलं, तुमच्या घरून काय?

आमच्याकडे अमेरिकेचं जे होतं ते एकाच पार्सलातून आलेलं. माझ्या मोठ्या जाऊबाई, सिंधूवहिनी, यांचा भाऊ तिकडे नोकरीला लागला होता. आईबापाविना, काकांकडे वाढलेली ही दोघं. पहिल्या पगारातून त्यानं बहिणीला निळा स्वेटर पाठवला, आणि मला — केवळ तिची जाऊ म्हणून — सेंटची बाटली.

वहिनी तेव्हा लकडगंजला त्यांच्या या काकांकडे गेल्या होत्या. मी त्यांची पेटी उघडली. स्वेटर चौकात नेला आणि सांगितलं, वहिनींनी स्वतःहून दिलाय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या परतल्या तेव्हा वाटेतच बायकांनी त्यांचं कौतुक केलं. चारचौघींत त्या काय बोलणार? घरी आल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "मले विचारलं असतं तर मी दिलाही असता वं. माह्या नावानं काहून बोलली?"

तेव्हा — इथेच जीभ अडते — मी म्हणाले, "वहिनी, मी माही बाटलीबी आगीत टाकली."

बाटली माझ्या साड्यांच्या घडीत होती.

त्यांनी ते खरं मानलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढे काकांनी मोठ्या अभिमानानं भावाला कळवलं, की बहिणीनं देशासाठी तुझा स्वेटर जाळला. त्याची पत्रं थांबली. वहिनींनी खरं काय ते लिहिलं असतं तर? नाही लिहिलं — मला बोल लागेल म्हणून. आपल्यासारखंच हिचंही गेलं, असं त्या समजत होत्या ना.

त्या आगीनं अमेरिकेचं काय बिघडलं, कोण जाणे. ज्यांनी स्वतःची आवडती वस्तू टाकली, त्यांना मी हसणार नाही. मी दुसरीची टाकली.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. काका त्याआधीच गेलेले. भावाला कळवायचं होतं — पत्ता घरात कुणाकडेच नव्हता.