नानांची कानस

झिजलेल्या दात्यांवर मी नवी कोरी चेन चढवली. स्वतःच्या हाताने, व्हिडिओ बघून. आणि तशीच सायकल काढून येऊरच्या चढाला लागलो. पहिल्याच वळणावर जोर लावला, चेन दात्यांवरून सटकली आणि मी रस्त्यात आडवा.

लंगडत वर्तकनगरला परतलो, तर गॅलरीत नाना उभे. नाना म्हणजे आमच्याकडेच राहणारे माझे सासरे. उमेदीची सगळी वर्षं वागळे इस्टेटमध्ये फिटर, आणि ‘टाकून देऊ’ हे शब्द ऐकले तरी रक्तदाब वाढणारा माणूस. मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांची ती चवड, त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"चेन बदललीत, दाते नाही बघितलेत? मुलगी बघायला आलात तेव्हाही पोह्यांकडेच बघत होतात."

"नवीन फ्रीव्हील आणतो, नाना."

"आणायला काय अक्कल लागते? मी घासून देतो."

घासून दाते आणखी बारीक होणार, हे मलासुद्धा कळत होतं. पण नानांना कोण सांगणार? त्यांनी दुरुस्त केल्यापासून आमचा पंखा एकतर बंद असायचा, नाहीतर पाचवर. हिवाळ्यातही. दुरुस्तीच्या वेळी टॉर्च मी धरायचा. "इकडे धरा. इकडे म्हणजे तिकडे नाही. राहू द्या!" मग ठरलेलं वाक्य : "इतकी वर्षं वागळेत काढली, पण कंपनीने एक धड हेल्पर दिला नाही."

या वेळी मात्र कानस हातात घेऊन ते जरा थांबले. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही नीट दिसत नव्हतं, हातही कापायला लागला होता. कल्याणचा मुलगा कधीपासून बोलावत होता. "हे जमलं नाही, तर कानस पेटीत घालतो आणि कल्याणला जाऊन बसतो," असं ते दात्यांकडे बघतच म्हणाले.

आठवडाभर गॅलरीत खर्र खर्र चाललं. मग मी चाक खाली नेऊन बसवलं. गेटपाशीच चेन सटकली.

वरून हाक आली, "काय, जावईबापू?"

"एक नंबर, नाना!" मी ओरडलो आणि तडक सायकलच्या दुकानात गेलो. नवं फ्रीव्हील बसवून घेतलं. चमक दिसू नये म्हणून त्याला जुनं तेल आणि काजळी फासली. वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! नानांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं. खालचे सावंत चाक घेऊन आले, त्यांनी आपल्या मेव्हण्याला पाठवलं. नाना खुर्चीत बसून घासायचे, समोरच्याला वागळेच्या गोष्टी सांगायचे. चहा व्हायचा. आणि मी "बसवून आणतो" म्हणत ते चाक खांद्याला मारून दुकानात. सगळं स्वखर्चाने. दुकानदार एकदा म्हणालाच, "साहेब, बाजूला दुकान टाकताय काय?"

बायको म्हणाली, "सांगून टाक ना खरं."

"तूच सांग. तुझे वडील आहेत."

"उद्योग तुझा, निस्तर तूच."

शेवटी नानांनी स्वतःच पेटी बांधली. हातातून कानस सारखी पडायला लागली होती. कल्याणहून माझ्या मेव्हण्याची गाडी येऊन खाली लागली. मी पाया पडलो, तर त्यांनी ती कानस फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "माझ्या कानशीची रेघ माझ्या बोटाला कळते. तुमच्या फ्रीव्हीलवर एकही नव्हती."

माझं डोकंच फिरलं. "मग बोलला का नाहीत? सगळ्या कॉलनीची चाकं वाहिली मी!"

"लोक येत होते हो. बरं वाटायचं."

ते गाडीत बसले. मी खिडकीशी वाकलो. वाटलं, आता तरी एखादा गोड शब्द येईल. नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जन्मभर हेल्पर मागत होतो, कुणी दिला नाही. शेवटी मुलगी देऊन मिळवला. तोही असला!"